फौजीच्या घरधनिणीचा जीवनपट कसा लिहावा

सैन्यात नोकरी केलेला माणूस गेला, तर त्याच्याविषयी लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी निदान कागद तरी असतात. भरतीची तारीख, रेजिमेंट, हुद्दे, पदके, निवृत्तीचा दिवस असे सगळे निवृत्त होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात ओळीने मांडलेले असते. त्याच्या पत्नीविषयी लिहायची वेळ आली की तीच मंडळी अडखळतात आणि ‘अत्यंत प्रेमळ, कष्टाळू व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’ या वाक्यावर येऊन थांबतात. हे वाक्य खोटे नसते, पण ते गावातल्या कोणत्याही बाईच्या शोकपत्रिकेवर चालून जाते. नवरा सीमेवर असताना जिने घर, शेत, सासू-सासरे आणि मुले एकटीच्या जबाबदारीवर सांभाळली, किंवा दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधून नव्या छावणीत नव्याने चूल मांडली, तिचा जीवनपट याहून पुष्कळ नेमका लिहिता येतो. पुढील विवेचन भारतीय लष्करातील जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार यांसारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्या महाराष्ट्रातील कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. नौदल व हवाई दलातील कुटुंबांना थोडाफार फरक करून ते वापरता येईल.

एक गोष्ट आरंभीच ठरवून घ्यावी. नवऱ्याच्या नोकरीचा क्रम या लेखनाला सांगाडा म्हणून उपयोगी पडतो, पण हा जीवनपट तिचा आहे. ‘१९८७ मध्ये बाबांची पलटण श्रीलंकेला गेली’ हे वाक्य तिच्या चरित्रात अर्धवट आहे. त्या वर्षी ती कोठे राहत होती, घरात कोण कोण होते, पैसे कसे पोचत होते आणि कोणता निर्णय तिने कोणालाही न विचारता घेतला, हे त्याच्यापुढे लिहिले गेले म्हणजे ते वाक्य पूर्ण होते. या एका कसोटीवर प्रत्येक परिच्छेद घासून पाहिला, तर बाकीच्या पुष्कळ चुका आपोआप टळतात.

दोन रकान्यांची वही

लेखनाला बसण्यापूर्वी एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे त्यांची नोकरी, उजवीकडे तिचे घर. डावा रकाना भरायला डिस्चार्ज बुक, पेन्शनची पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि जपून ठेवलेल्या पार्ट टू ऑर्डरच्या (जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशांच्या) प्रती पुरतात. लग्न झाले, मूल जन्मले, की त्याची नोंद युनिटकडून पार्ट टू ऑर्डरने होत असते, त्यामुळे नवऱ्याच्या कागदांतसुद्धा तिच्या आयुष्यातील दोन-चार पक्क्या तारखा सापडतात. पेन्शनच्या कागदांत पती-पत्नीचा एकत्र फोटोही असतो. अनेक घरांत त्या दोघांनी शेजारी बसून काढलेला तो एकमेव फोटो असतो, म्हणून त्याची चांगली प्रत करून घ्यावी.

हे कागद हरवले असतील, तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि आपले नाते कळवून अर्ज करता येतो. महाराष्ट्रातील कुटुंबांचा संबंध बहुधा बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर, मध्य प्रदेशातील सागर येथील महार रेजिमेंटचे सेंटर, नाशिक रोडचे तोफखान्याचे सेंटर, खडकीचे बॉम्बे सॅपर्स (अभियंता दल) किंवा अहिल्यानगरची चिलखती दल व मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची सेंटरे यांपैकी कोणाशी तरी येतो. कोठे व कसे लिहावे हे उमगत नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणे सर्वांत सोयीचे. मात्र तेथून मिळणारी माहिती ही त्यांच्याविषयीची असेल, तिच्याविषयीची नव्हे, हे लक्षात ठेवूनच जावे.

उजवा रकाना भरणे हे खरे काम. त्यासाठीचे कागद घरात निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात आणि कोणी त्यांच्याकडे चरित्राचे साधन म्हणून पाहिलेले नसते. मुलांचे जन्मदाखले घ्या. थोरला गावी जन्मला, मधली मुलगी एखाद्या मिलिटरी हॉस्पिटलात जन्मली आणि धाकटा पुन्हा गावी, एवढ्यावरूनच ती कोणत्या वर्षी छावणीत होती आणि कोणत्या वर्षी परत आली हे कळते. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले त्याहून बोलके असतात. बदल्या होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली. ज्या मुलाच्या हातात दोन-तीन राज्यांतील केंद्रीय विद्यालयांचे आणि मधल्या काळातील जिल्हा परिषदेच्या शाळेचे दाखले आहेत, त्याच्या आईचा प्रवास महिन्यानिशी मांडता येतो. याशिवाय शिधापत्रिका, बँकेचे जुने पासबुक, घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, सोसायटीच्या कर्जाची खाती आणि घरबांधणीच्या काळातील विटा-सिमेंटची बिले पाहावीत. फौजीचे घर गावात उभे राहिले ते बहुधा तो गावात नसताना, तेव्हा गवंड्याशी कोण बोलले असेल हे वेगळे सांगायला नको.

दोन्ही रकाने समोरासमोर आले की मोठ्या लष्करी घटनांच्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहाव्यात, कारण कुटुंबाच्या आठवणीत वर्षे हमखास एकमेकांत मिसळतात. १९६२ चे चीनयुद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर या काळातील आहे. १९६५ ची शस्त्रसंधी २३ सप्टेंबरला झाली. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे चालले. सियाचिनची मोहीम १३ एप्रिल १९८४ रोजी सुरू झाली, श्रीलंकेतील शांतिसेना १९८७ ते मार्च १९९० अशी होती आणि कारगिलची लढाई १९९९ च्या मे ते जुलै महिन्यांत झाली. डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ या काळात सैन्य सीमेवर तैनात होते, त्याला ऑपरेशन पराक्रम म्हणतात. त्यात युद्ध झाले नाही म्हणून घरच्यांच्या सांगण्यातून ते सहसा गळून पडते, पण ज्या घरातील माणूस त्या वेळी सीमेवर होता, त्या घरातील बाईला ते महिने इतर कोणत्याही युद्धाइतकेच लांब वाटले असणार.

ट्रंक उघडताना

काळी पत्र्याची ट्रंक प्रत्येक फौजी घरात असते, आणि तिच्यातील सामानाला हात लावण्यापूर्वी तिचे झाकणच नीट पाहावे. त्यावर पांढऱ्या रंगाने सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेले असते. बढती झाली की जुन्या अक्षरांवर काळा हात फिरवून नवा हुद्दा लिहिला जाई, त्यामुळे तिरप्या उजेडात धरले तर ‘हवालदार’च्या खाली ‘नाईक’ आणि त्याखाली ‘सिपाही’ असे थर दिसतात. कडेला एखाद्या रेल्वे स्टेशनचे नाव अर्धवट उरलेले असते. बाजूने टॉर्चचा उजेड टाकून या झाकणाचे तीन-चार फोटो काढावेत. पुसून, घासून ते ‘स्वच्छ’ करण्याचा मोह मात्र आवरावा.

आत सापडणाऱ्या वस्तूंपैकी पत्रे सर्वांत मोलाची. त्यांचा क्रम बदलू नये, दोरी बांधलेली असेल तर सोडण्यापूर्वी गठ्ठ्याचा फोटो घ्यावा. आंतर्देशीय पत्रांच्या घड्या ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून ती ओढून न उघडता सपाट टेबलावर हलक्या हाताने पसरावीत. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण त्याने झालेले नुकसान परत भरून येत नाही. फ्लॅश न वापरता खिडकीजवळच्या उजेडात पत्राच्या सर्व बाजूंचे फोटो काढावेत. पत्त्याची बाजू वगळू नये. नवऱ्याला पाठवलेल्या पत्रावर गावाचे नाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढेच असते. ढोबळमानाने ५६ हा आकडा पश्चिम व उत्तरेकडील ठाण्यांसाठी आणि ९९ हा पूर्वेकडील ठाण्यांसाठी वापरला जातो, तेव्हा ठिकाण कळले नाही तरी दिशा कळते. त्यांच्याकडून आलेल्या पत्रावरील फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यातही गावाऐवजी केवळ क्रमांक आणि तारीख असते. ती तारीख वहीत उतरवून डाव्या रकान्याशी जुळवली की बहुतेक वेळा पत्र कोठून आले त्याचा उलगडा होतो.

पत्रांतील मजकुराकडून फार अपेक्षा ठेवू नये. फील्डवरून लिहिताना ठिकाण, हालचाल, संख्या यांविषयी काही लिहिण्याची मुभा नसे, आणि घरून लिहिताना ‘इकडची काळजी करू नये’ असे लिहिण्याची रीत होती. दोन्ही बाजूंनी सगळे कुशल असल्याचे कळवणारी पत्रांची चळत वाचून कोणाची निराशा होते, परंतु त्या कुशलामधल्या फटीच वाचायच्या असतात. ‘पाऊस बरा आहे, तांबडी गाय विकली’ या ओळीत गाय का विकली हे लिहिलेले नसते. ती तारीख पासबुकाशी, सासऱ्यांच्या आजारपणाशी किंवा मुलीच्या फीशी जुळवून पाहिली तर एक संपूर्ण प्रसंग हाती लागतो. पत्र कोणाच्या हस्ताक्षरात आहे, तेही पाहावे. लिहिता न येणारी बाई शेजारच्या मुलाकडून, गुरुजींकडून किंवा पोस्टमनकडून पत्र लिहून घेई, आणि दुसऱ्याच्या हातून नवऱ्याला लिहिताना काय सांगायचे आणि काय गिळायचे, हे तिला तिथल्या तिथे ठरवावे लागे.

मनिऑर्डरच्या कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. मनिऑर्डरच्या फॉर्मला एक लहानसे कुपन असे, त्यावर पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहिता येत. ते कुपन पैसे घेणाऱ्याकडे राही आणि सही वा अंगठा केलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे त्याच्या अक्षरातले कुपन तिच्या डब्यात आणि तिच्या सहीची पोच त्याच्या ट्रंकेत, अशी ही जोडी दोन ठिकाणी शोधावी लागते. पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावल्या तर काही घरांत एक विलक्षण गोष्ट दिसते: पहिल्या काही पावत्यांवर अंगठा असतो, मग थरथरत्या अक्षरात अर्धे नाव, आणि पुढे सरळ सही. अशी बाई केव्हा आणि कोणाकडून लिहायला शिकली, याचा शोध घेण्यासारखा आहे. पोचेवर सही कोणाची आहे, हेही महत्त्वाचे. पैसे सासऱ्यांच्या नावाने येत होते की तिच्या नावाने, आणि ते तिच्या नावाने केव्हापासून येऊ लागले, यावरून घरातील कारभार कोणाकडे होता हे कोणत्याही आठवणीपेक्षा अधिक खात्रीने सांगता येते.

तारा सापडल्या तर त्या जपाव्यातच, कारण तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि हा कागद आता पुन्हा निर्माण होणार नाही. पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब या’ अशी तार सुगीच्या किंवा घरातील लग्नाच्या दिवसांत आलेली असेल, तर ती रजा मंजूर व्हावी म्हणून केलेली असण्याची शक्यता बरीच असते. फौजी घरांत हा प्रकार सर्वांना ठाऊक होता, साहेबांनाही. अशा तारेवरून आजीचे आजारपण जीवनपटात घुसडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खात्री करावी.

फोटोंचे काम यामानाने सरळ आहे. लहान फोटो ६०० डीपीआयवर (हे स्कॅनच्या बारकाईचे माप) आणि कागदपत्रे ३०० डीपीआयवर स्कॅन करावीत. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नये, तिथल्या तिथे फोटो काढावा. मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्काही टिपावा, कारण ‘हा फोटो कुठला’ या वादाचा निकाल अनेकदा तोच लावतो. फोटोतील माणसांची नावे मागे मऊ पेन्सिलने लिहावीत. ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे), कॅन्टीन कार्ड यांसारखी ओळखपत्रे निधनानंतर जमा करावी लागतात, तेव्हा ती देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी.

कोणाला विचारावे आणि काय विचारावे

कुटुंबातील माणसांकडून आठवणी गोळा करताना ‘आई कशी होती?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर शोकपत्रिकेच्या भाषेतच येते. त्याऐवजी हाताला लागेल अशी गोष्ट विचारावी. बदलीची ऑर्डर आली की घरातील कोणती वस्तू सर्वांत आधी बांधली जाई? बाबा रजेवर आल्यावर कोण कोठे झोपे? धाकट्या मुलाने त्यांना पहिल्या दिवशी ओळखले का, आणि नसेल तर आईने त्याला काय सांगितले? रजा संपून ते निघाले त्या दिवशी संध्याकाळी तिने काय केले? रात्री सायकलची घंटा वाजली आणि दारात तारवाला दिसला, तर दार कोण उघडे? नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, म्हणजे उरलेल्या दिवसांत घरात त्याच्याशिवाय काय चाले, हाच तर आपला विषय आहे.

सांगणाऱ्यांची निवडही विचारपूर्वक करावी. मुले आईविषयी सांगतील ते मुलांच्या उंचीवरून दिसलेले असेल. तिच्या माहेरच्या माणसांकडे, विशेषतः पाठच्या बहिणीकडे, लग्नाआधीची मुलगी शिल्लक असते. जावा आणि नणंदा यांच्याकडे घरातील कारभाराची खरी माहिती असते, भले ती थोडी तिखट असो. गावातील जुने पोस्टमन, दुकानदार, सोसायटीचे सचिव, शाळेतील बाई यांच्याशी तिचा व्यवहार प्रत्यक्ष होता. आणि छावणीतील क्वार्टरच्या शेजारणींचा शोध तर अवश्य घ्यावा. पंजाबची, गढवालची किंवा तमिळनाडूची एखादी ‘भाभी’, जिच्याबरोबर तिने दोन वर्षे एकाच व्हरांड्यात काढली, तिला आपली आई घरच्यांना कधीच न दिसलेल्या रूपात माहीत असते. गावाकडे चार बायकांत तोंड न उघडणारी सून तिथे हिंदीतून भांडत असे, मुलांना एकटीने बसने हॉस्पिटलात नेत असे, फॅमिली वेल्फेअरच्या कार्यक्रमात गात असे. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या केंद्रांतून शिवण-विणकामाचे वर्ग, बैठका, मेळावे होत, आणि त्यांचे गटफोटो अनेकींकडे असतात. शेजारणीशी संपर्क नवऱ्यांच्या पलटणीतील ओळखीतून, माजी सैनिकांच्या मेळाव्यांतून आणि हल्ली व्हॉट्सअॅपच्या गटांतून होऊ शकतो.

मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, परवानगी घेऊन. फोन विमान मोडवर ठेवून बोलणाऱ्याजवळ ठेवला तर साध्या फोनवरही स्पष्ट आवाज येतो. समोर फोटो किंवा एखादी वस्तू ठेवली की आठवणी मोकळ्या होतात. त्या दृष्टीने स्वेटर ही फार उपयुक्त वस्तू आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात वाढलेल्या बाईला स्वेटर विणायचे कारण नसते. तिच्या हातचा दुहेरी विणीचा स्वेटर घरात असेल तर ती वीण तिने उत्तरेकडील एखाद्या छावणीत, दुपारच्या उन्हात बसून कोणाकडून तरी उचललेली असते. स्वयंपाकातील बदलांचेही तसेच आहे. घरात राजमा कधीपासून होऊ लागला, याचे उत्तर बहुधा पोस्टिंगच्या रकान्यात सापडते.

ती हयात असेल, तर हे सगळे बाजूला ठेवून प्रथम तिच्याशी बोलावे. ‘माझ्यात काय लिहिण्यासारखं आहे?’ असे ती म्हणेलच. तिला चरित्र लिहितो आहोत असे सांगूच नये. ट्रंकेतील फोटो काढून ‘ही कोण?’ एवढेच विचारावे.

लिहायला बसल्यावर

मजकूर काळाच्या क्रमाने लिहिणे सुरक्षित असते, पण सगळ्या वर्षांना सारखी जागा देऊ नये. काही वर्षे दोन ओळींत उरकतात आणि एखाद्या पावसाळ्याला दोन पाने लागतात. घरकामाचे वर्णन करताना ‘पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबत असे’ असे सरसकट लिहिण्याऐवजी तिने घेतलेले निर्णय लिहावेत, कारण राबणे सर्वांचे सारखे दिसते आणि निर्णय मात्र तिचेच असतात. फरक कसा पडतो ते दाखवण्यासाठी एक कल्पित नमुना देतो. पहिला मसुदा असा असू शकतो: ‘१९७१ च्या युद्धात बाबा सीमेवर होते. त्या काळात आईने मोठ्या धैर्याने घर सांभाळले.’ वहीतील उजवा रकाना, पासबुक आणि जावेची आठवण हाताशी घेऊन तोच मजकूर असा होतो: ‘१९७१ च्या डिसेंबरात बाबांचे पत्र बंद झाले, तेव्हा आई चोवीस वर्षांची होती आणि थोरल्याला गोवर आला होता. बातम्यांच्या वेळी सासरे रेडिओभोवती माणसे जमवत. आई मात्र तेवढ्या वेळात गोठ्यात जाऊन बसे आणि बातम्या संपल्या की बाहेर येई. त्या महिन्यात मनिऑर्डर आली नाही, म्हणून तिने गळ्यातली बोरमाळ जावेकडे देऊन तालुक्याला पाठवली आणि ही गोष्ट बाबांना त्यांच्या पुढच्या रजेपर्यंत कळवली नाही.’ दुसऱ्या मसुद्यात धैर्य हा शब्द कोठेही नाही, आणि त्याची गरजही नाही.

छावणीतील वर्षांविषयी लिहिताना व्यवहाराच्या बारकाव्यांना जागा द्यावी. क्वार्टर मिळण्याची वाट पाहणे, मिळाल्यावर एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम व देखभाल खात्याच्या) यादीप्रमाणे पलंग, खुर्च्या, पंखे मोजून घेणे, बदली झाली की त्याच यादीप्रमाणे परत मोजून देणे आणि तुटल्या वस्तूंचे पैसे भरणे, हे सगळे ज्या घरात दर दोन-तीन वर्षांनी झाले, तिथे ते करणारी बहुधा तीच होती, कारण नवरा पुढे गेलेला असे. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. मग सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये (नवरा फील्डवर असताना कुटुंबासाठी मिळणाऱ्या घरात) राहायचे की गावी परतायचे, हा प्रश्न मुलांच्या शाळेशी आणि सासू-सासऱ्यांच्या तब्येतीशी बांधलेला असे. तिने काय निवडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, यावर एक परिच्छेद तरी असावा.

निवृत्तीनंतरचा काळ बहुतेक लेखांत घाईने संपवला जातो, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत मोठी संधी वाया जाते. २०२२ पूर्वी भरती झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते, त्यामुळे तो पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. इतकी वर्षे जिच्या हाती कारभार होता तिच्या घरात आता शिस्तीची सवय झालेला एक माणूस कायमचा राहायला येतो आणि भाताच्या वेळेपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळ्यात लक्ष घालू लागतो. किल्ल्या कोणाकडे राहिल्या, पहिले मोठे भांडण कशावरून झाले, मग त्याने बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली आणि ती पुन्हा एकटी राहिली का, हे लिहिण्यात कोणाचा अपमान नाही. दारू, संशय, मारहाण यांसारख्या गोष्टी घडल्या असतील तर त्या लिहायच्या की नाही, हे मुलांनी एकत्र बसून ठरवावे. पण न लिहायचे ठरले, तर त्याच पानावर ‘आदर्श संसार’ असे शब्दही घालू नयेत.

नवरा युद्धात किंवा कर्तव्यावर असताना गेला असेल, तर लिहिणाऱ्याची आणखी एक कसोटी लागते. वीरनारी म्हणून तिचा सत्कार झालेला असतो, २६ जानेवारीला तिला बोलावले जाते, आणि त्यामुळे तिचे चरित्र त्या एका तारखेपाशीच गोठून जाते. प्रत्यक्षात त्यानंतर ती तीस-चाळीस वर्षे जगलेली असते. पेन्शनचे कागद, सासर-माहेरमधील ताण, जमिनीतील वाटा, मुलांची शिक्षणे, मुलाने सैन्यात जावे की नाही यावर तिने काय म्हटले, हे सगळे त्या तारखेनंतरचे आहे आणि लेखाचा मोठा भाग तिथेच असला पाहिजे.

नावाचा एक घोळ बहुतेक घरांत निघतो, त्याची सोय आधीच करावी. लग्नात पहिले नावही बदलण्याची रीत असल्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सैन्याच्या कागदांत दुसरे आणि गावात हाक मारायचे तिसरेच, असे असू शकते. आरंभीच तिन्ही नावे द्यावीत आणि पुढे ज्या नावाने तिला स्वतःला ओळखले जाणे आवडे, ते वापरावे. तसेच लेखात ती ‘आई’ असावी की ‘आजी’ की नावाने, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे. अनेक भावंडांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात हा धागा हमखास तुटतो, म्हणून माहिती सर्वांनी द्यावी आणि लेखन एकानेच करावे.

वाचून दाखवणे, छापणे, वाटणे

श्रद्धांजली सभेत किंवा वर्षश्राद्धाला वाचायचा मजकूर वेगळा तयार करावा. पाच मिनिटांसाठी पाचशे ते सहाशे शब्द पुरतात, आणि त्यात संपूर्ण आयुष्य कोंबण्यापेक्षा दोन प्रसंग नीट सांगावेत. हुद्द्यांची आणि बदल्यांची यादी वाचू नये. मोठ्या जीवनपटाची पुस्तिका करायची असेल तर छापण्यापूर्वी कच्ची प्रत माहेरच्या एका, सासरच्या एका आणि पलटणीतील एका जाणत्या माणसाला वाचायला द्यावी. त्यांच्या आठवणींत विसंगती निघाली आणि कागदावरून निकाल लागला नाही, तर दोन्ही कथने ‘थोरल्या काकांच्या म्हणण्याप्रमाणे’, ‘मावशीच्या आठवणीप्रमाणे’ असे नमूद करून ठेवावीत.

स्कॅन केलेल्या सर्व प्रती निदान तीन ठिकाणी असाव्यात: एक घरातील संगणकावर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. फाइलला वर्ष, ठिकाण आणि व्यक्ती या क्रमाने नाव दिले तर शोधणे सोपे जाते. मूळ पत्रे वाटून घेण्याचा आग्रह भावंडांत धरला जातो. त्याऐवजी मूळ गठ्ठा एकाकडे आणि प्रती सर्वांकडे अशी व्यवस्था करावी, कारण विखुरलेल्या पत्रांचा क्रम पुन्हा जुळत नाही.

व्हॉट्सअॅपवर किंवा फेसबुकवर टाकायची प्रत छापील प्रतीपेक्षा वेगळी असली पाहिजे. सेवाक्रमांक, पीपीओ क्रमांक, आधार, बँक खाते, घरचा पत्ता आणि ओळखपत्रांचे फोटो तीतून काढून टाकावेत. पेन्शनधारकांच्या कुटुंबांना फसवणाऱ्यांना नेमका हाच तपशील हवा असतो. घरातील मुलगा, जावई किंवा नातू आज सैन्यात असेल, तर त्याचे युनिट, ठिकाण आणि गणवेशातील अलीकडचा फोटो देऊ नये, आणि काही शंका वाटल्यास त्यालाच विचारून तो भाग ठेवावा किंवा गाळावा. शेजारणीने सांगितलेली एखादी खाजगी आठवण घेतली असेल, तर तिला तो भाग आधी वाचून दाखवावा, आणि पुस्तिका छापून झाली की तिच्या पत्त्यावर एक प्रत पोस्टाने पाठवावी.